सेवेला निघालेल्या मुली आणि वॉर्डातली हवा
(अभ्यासलेख : मंडळी, स्त्री संघ व तरुण संघ यांच्यासाठी)

वाचन : लूक १०:२५–३७, गलतीकरांस ६:१–१०



आपल्या देणग्यांमधून दरवर्षी पाड्यांवरच्या काही मुली नर्सिंगच्या शिक्षणाला जातात. पांढऱ्या गणवेशातला त्यांचा फोटो या अंकात छापला की आपल्याला आनंद होतो आणि आपण देवाचे उपकार मानतो. पण ही मुलगी वॉर्डात पहिली ड्युटी करते तेव्हा तिच्या छातीत कोणती हवा जाते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. या तिमाहीच्या अभ्यासासाठी तोच विषय घेतला आहे : शिकाऊ परिचारिकांना होणारा क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा, संसर्ग.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. आज तिचा शेवटचा भाग नीट वाचा. शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन पुढे जातो. त्यानंतरची सेवा उतारशाळेच्या रखवालदारावर येते. मात्र शोमरोनी त्याच्यावर काम टाकून मोकळा होत नाही. अधिक खर्च झाला तर परत येताना तो भरून देईन, असे वचन देऊन तो जातो. या दृष्टान्तात आपण बहुतेक जण दोन दिनार देणारे आहोत. आपल्या वतीने रात्री जागणारी, जखम धुणारी, थुंकीचा डबा उचलणारी दुसरीच कोणीतरी आहे. तिचा जो ‘अधिक खर्च’ होतो, त्याची जबाबदारी आपण घेतली आहे का?

संसर्ग वेगळा, आजार वेगळा

प्रथम थोडी मूलभूत माहिती घेऊ. क्षयरोगाचा जंतू डॉ. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. हा जंतू हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. ते सुकून इतके हलके होतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. ती हवा जो श्वासात घेईल त्याला संसर्ग होऊ शकतो. एकाच ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेतल्याने टीबी होत नाही.

संसर्ग झालेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. शरीर बहुतेक वेळा जंतूला कोंडून ठेवते. याला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो आणि तो दुसऱ्याला संसर्ग देत नाही. सुप्त संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन वर्षांत आजारी पडतात. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर हा धोका बराच वाढतो.

सुप्त संसर्ग ओळखण्यासाठी हाताच्या कातडीत टोचून मॅन्टू चाचणी करतात. ४८ ते ७२ तासांनी तिथे आलेला कडकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. आता रक्ताची चाचणीही उपलब्ध आहे. पुढचे अभ्यास समजण्यासाठी एवढी माहिती पुरेशी आहे.

ओस्लोतील मुली

नॉर्वेतील ओस्लो शहराच्या उल्लेव्हाल रुग्णालयात डॉ. योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून नर्सिंगच्या विद्यार्थिनींची चाचणी सुरू केली. प्रवेश घेताना जवळपास निम्म्या मुलींना टीबीचा संसर्ग झालेला नव्हता. तीन वर्षांचे शिक्षण संपेपर्यंत त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना तो झाला. याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, प्रत्यक्ष टीबीने आजारी पडणाऱ्यांत याच मुलींचे प्रमाण जास्त होते. ज्या आधीच संसर्गाला तोंड देऊन आल्या होत्या, त्या तुलनेने सुरक्षित राहिल्या. यानंतर हाइमबेक यांनी संसर्ग नसलेल्या मुलींना बीसीजी लस द्यायला सुरुवात केली. ही लस १९२१ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम माणसाला दिली गेली होती.

त्या काळापर्यंत बऱ्याच डॉक्टरांची समजूत अशी होती की टीबीचा संसर्ग सर्वांना लहानपणीच होतो, त्यामुळे रुग्णालयात नर्सला वेगळा धोका नाही. मुली आजारी पडल्या तर त्यांची प्रकृतीच नाजूक होती, असे म्हणून विषय मिटवला जाई. हाइमबेक यांनी प्रत्येक मुलीची प्रवेशाच्या वेळची नोंद ठेवली होती, म्हणून ही समजूत चुकीची ठरवता आली. नोंद नसती तर दोष मुलींच्या प्रकृतीवरच राहिला असता.

आपल्या देशातील आकडे

आता घराजवळ येऊ. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज सर्वांना माहीत आहे. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केलेले हे काम आज देशातल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे. तिथल्या संशोधकांनी २००७ मध्ये स्वतःच्याच नर्सिंग विद्यार्थ्यांचा अभ्यास हाती घेतला. ४३६ जणांची मॅन्टू चाचणी झाली. बहुतेक सगळ्या मुली होत्या आणि बहुतेकींचे वय बावीसच्या आत होते. त्यांपैकी २१९ जणांची, म्हणजे निम्म्यांची, चाचणी सकारात्मक आली. रुग्णसेवेत जितका जास्त काळ गेला होता, तितके हे प्रमाण जास्त होते.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, आधी संसर्ग नसलेल्यांची पुन्हा तपासणी झाली. ज्यांची संपूर्ण माहिती घेता आली अशा १८१ जणांपैकी १४ जणांना त्या एका वर्षात नवा संसर्ग झाल्याचे दिसले. वर्षाला जवळपास ८ टक्के. तेव्हा देशातल्या सामान्य लोकांसाठी हा आकडा वर्षाला दीड टक्का धरला जात होता. म्हणजे या विद्यार्थ्यांचा धोका पाचपट होता. यातल्या सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. लहानपणची ही लस बालकांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण तरुणपणी वॉर्डात काम करताना तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

कोणत्या कामामुळे संसर्ग झाला, याचाही शोध त्यांनी घेतला. दोन कामे पुढे आली : फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णांची शुश्रूषा आणि रुग्णाकडून तपासणीसाठी थुंकी घेणे. थुंकी देताना रुग्ण मुद्दाम जोराने खोकतो आणि डबा धरून समोर शिकाऊ मुलगी उभी असते. हे काम ‘सोपे’ म्हणून सहसा सर्वांत लहान विद्यार्थिनीला दिले जाते.

महाराष्ट्रातही असेच आढळले. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचारी व विद्यार्थ्यांची तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कातडीची किंवा रक्ताची, यांपैकी निदान एक चाचणी सकारात्मक आलेल्यांचे प्रमाण निम्मे होते.

या दोन्ही संस्थांनी आपले आकडे लपवले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. ज्या रुग्णालयाने मोजलेच नाही, तिथे धोका कमी आहे असे समजू नये.

आता थोडे साधे गणित करू. वर्षाला ८ टक्के हा वेग कायम राहिला, तर संसर्ग न झालेल्या शंभर मुलींपैकी तीन वर्षांच्या शिक्षणात सुमारे बावीस जणींना संसर्ग होईल. त्या बावीस जणींपैकी एक किंवा दोघी आयुष्यात कधीतरी आजारी पडतील. हा आकडा ऐकून कोणी मुलीला घरी परत बोलावू नये. पण ती एक किंवा दोघी आपण पाठवलेल्या मुलींपैकी असतील, हेही विसरू नये. शिवाय त्यांची शरीरे सर्वसामान्य आकड्यांपेक्षा दुबळी असू शकतात.

पाड्यावरून येणारी मुलगी

आदिवासी आरोग्यावरील तज्ज्ञ समितीने, जिचे अध्यक्ष गडचिरोलीचे डॉ. अभय बंग होते, २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात आदिवासींमध्ये टीबीचे प्रमाण दर लाखामागे ७०३ आणि इतर समाजात २५६ असे दिले आहे. याचा अर्थ आपल्या काही मुली घरातूनच संसर्ग घेऊन येतात. आजोबांचा जुना खोकला, एकच खोली, चुलीचा धूर, रिकामा डबा यांतून त्या येतात. काहींना संसर्ग नसतो आणि त्या ओस्लोच्या मुलींसारख्या थेट भरलेल्या वॉर्डात जाऊन उभ्या राहतात. दोघींनाही अशक्तपणा असतो, दोघींनाही रात्रपाळी असते, आणि होस्टेलच्या पातळ वरणाची वाटीही दोघींना सारखीच मिळते.

अन्नाचा टीबीशी किती जवळचा संबंध आहे, हे झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. तिथे टीबीच्या रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर लक्ष ठेवले गेले. काही कुटुंबांत सर्वांना पोषक शिधा दिला, तर काहींत फक्त रुग्णाला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्या टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. पोषक शिध्याने एवढे होऊ शकते. तेव्हा होस्टेलच्या जेवणाकडे दुय्यम खर्च म्हणून पाहणे आपण थांबवले पाहिजे.

एका विद्यार्थिनीची गोष्ट

मी नर्सिंग शाळेत शिकवत असताना दुसऱ्या वर्षाला पाड्यावरची एक मुलगी होती. हुशार, अबोल, कामात पुढे. सकाळच्या प्रार्थनेला ती तोंडाला रुमाल लावून खोकायची. विचारले की म्हणायची, “काही नाही सिस्टर, वॉर्डातल्या फिनेलचा वास बाधतो.” गणवेश सैल पडू लागला, तेव्हा मी तिला बाजूला घेऊन बसले. सहा आठवड्यांपासून खोकला होता. संध्याकाळी कणकण यायची. रडत ती म्हणाली, “सिस्टर, नाव कळलं तर माझी फी बंद होईल. आणि घरी कळलं तर लग्नाचं कोणी विचारणार नाही.”

फी बंद होईल ही भीती तिने मनात उगीच घेतलेली नव्हती. तिला मदत करणाऱ्या संस्थेच्या अर्जात विद्यार्थिनीची प्रकृती उत्तम असली पाहिजे अशी अट होती. ती अट कोणी वाईट हेतूने घातली नसेल. पण त्या एका ओळीमुळे ती मुलगी सहा आठवडे गप्प राहिली. होस्टेलच्या खोलीत तिच्यासह चौघी झोपत होत्या.

माझाही दोष सांगते. आदल्या वर्षी सकाळी थुंकीचे डबे गोळा करण्याच्या कामावर तिची नेमणूक मीच केली होती. ते काम वॉर्डाच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत होई. मी स्वतः तसेच शिकले होते, म्हणून मला त्यात काही गैर वाटले नाही. “देवाच्या कामात देव राखतो,” असेही मी मुलींना सांगत असे. देव राखतो, यावर माझा आजही विश्वास आहे. पण खिडकी उघडण्याचे काम त्याने आपल्याला दिले आहे.

तिचे सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले. एक सत्र बुडाले, फी मात्र बंद झाली नाही. त्यासाठी काही जणांना पत्रे लिहावी लागली. आज ती एका उपकेंद्रात काम करते. खोकणारा रुग्ण आला की त्याला ती आधी बाहेर व्हरांड्यात बसवते.

काय करता येते

हवेचा इलाज पुष्कळदा फुकट असतो. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील हवा संशोधकांनी मोजली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यावर खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत ती १२ वेळाच बदलत होती. सर्वांत चांगल्या ठरल्या १९५० पूर्वीच्या उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. आपली जुनी मिशन रुग्णालये अशीच बांधलेली आहेत. अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ मध्ये आणि मदनपल्लीजवळ आरोग्यवरम येथे १९१५ मध्ये मिशनऱ्यांनी क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामे उघडली, तेव्हा औषध नव्हते. होती ती मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि अन्न. आता औषध आले, पण अनेक ठिकाणी वातानुकूलित यंत्रासाठी त्याच खिडक्या कायमच्या बंद केल्या गेल्या.

नर्सिंग शाळेत पुढील गोष्टी असाव्यात. आपण विचारल्या तर त्या होतात.

१. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थिनीची टीबीसाठी तपासणी व्हावी, नोंद ठेवावी आणि दरवर्षी पुन्हा तपासणी व्हावी. चाचणी सकारात्मक आली म्हणून प्रवेश नाकारू नये.

२. खोकणारा रुग्ण दारातच ओळखावा, त्याला मास्क द्यावा आणि लवकर तपासावे. सर्वांत जास्त धोका निदान न झालेल्या रुग्णापासून असतो. योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्ग देण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

३. थुंकी घेण्याचे काम उघड्यावर, उन्हात व्हावे. डबा कसा धरायचा ते रुग्णाला आधी समजवावे आणि मग विद्यार्थिनीने दूर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे.

४. टीबीच्या वॉर्डात काम करणाऱ्या मुलीला एन-९५ मास्क मिळावा आणि तो नीट बसतो का ते पाहावे. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क रुग्णाने लावला तर उपयोगी पडतो. नर्सच्या तोंडावर तो पुरेसा नाही.

५. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी तपासणी व्हावी. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

६. सुप्त संसर्ग असेल तर प्रत्यक्ष आजार नाही याची खात्री करून डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घेता येते.

७. होस्टेलमध्ये रोज डाळ, अंडी किंवा दूध यांपैकी पुरेसे मिळावे आणि खोल्यांत गर्दी नसावी.

मंडळीचे काम यापुढचे आहे. मदतीच्या अर्जात प्रकृतीची अट असेल तर ती बदला. आजारी पडलेल्या मुलीची फी चालू राहील, हे प्रवेशाच्या दिवशीच तिला सांगा आणि तिच्या आईवडिलांनाही कळवा. रुग्णालयाला पंखे भेट देण्याआधी खिडक्या उघडतात का ते पाहा. आणि औषध घेतलेल्या मुलीचे स्थळ आले तर तिच्या बाजूने बोलणारे पाळक आणि वडीलजन आपल्या मंडळीत असू द्या. टीबी बरा होतो. बरी झालेली मुलगी कोणाला संसर्ग देत नाही. हे एक वाक्य व्यासपीठावरून सांगितले, तर पुष्कळ घरांतला लपवलेला खोकला दवाखान्यात पोचेल.

पौलाने गलतीकरांस लिहिताना एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले आणि त्याच अध्यायात प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही म्हटले. रुग्णाची सेवा हा नर्सचा भार आहे आणि तो ती आनंदाने वाहते. बंद खोलीतली हवा हा तिचा भार नाही. तो आपण तिच्या खांद्यावर ठेवला आहे आणि तो उतरवता येतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १०:३५ मध्ये शोमरोनी जो जादा खर्च भरून देण्याचे वचन देतो, तो आपल्या सेवाकार्यात कोणता?

२. ‘त्याग’ आणि ‘निष्काळजीपणा’ यांत आपण कुठे गल्लत करतो? घरातले किंवा मंडळीतले उदाहरण सांगा.

३. आपल्या मंडळीच्या मदतीने शिकणाऱ्या मुलीला टीबी झाला, तर ती कोणाला प्रथम सांगू शकेल? कोणालाच नाही, असे उत्तर आले तर काय बदलावे लागेल?

४. वरील सात गोष्टींपैकी कोणती एक गोष्ट आपण या तिमाहीत विचारून घेऊ शकतो? ती कोण विचारणार?

प्रार्थनेचे विषय

आज रात्री ड्युटीवर असलेल्या सर्व शिकाऊ परिचारिकांसाठी. औषध चालू असलेल्या विद्यार्थिनींना धीर मिळावा म्हणून. मेट्रन, ट्यूटर आणि रुग्णालयाचे कारभारी यांना ऐकणारा कान आणि बदलण्याची इच्छा मिळावी म्हणून. आणि आपण देणारे, दिल्यानंतरही विचारपूस करणारे व्हावे म्हणून. आमेन.